काठावरची शाई

भिंगरीने चित्रकलेच्या पदवीसाठी तीन विद्यापीठांत अर्ज केले होते. त्यातल्या तिसऱ्याच्या बाबतीत सगळा घोळ झाला. झाला म्हणजे मीच घातला, पण ते सांगायला मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

भिंगरी माझ्या लेकीची लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. आता ती अठरा वर्षांची आहे आणि कागद पुढ्यात घेऊन बसली की जेवायला तीनदा हाक मारावी लागते, तरी नाव काही बदललं नाही. तिची आई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. भिंगरी शाळा संपल्यापासून रंगाच्या दुकानात आहे, गिऱ्हाइकाला भिंतीसाठी हवी ती छटा मिसळून देते. आणि मी आयुष्यभर एका वाचनालयाच्या दुरुस्ती विभागात पुस्तकं बांधली. निवृत्त होताना तिथला मोडीत निघालेला, पुस्तक दाबून धरायचा शिकंजा आणि कागद कापायचं हातयंत्र मी मागून घेतलं. दोन्ही आमच्या मागच्या खोलीत आहेत. लेक म्हणते, बाबांनी घरात रणगाडा आणून ठेवलाय.

पहिल्या दोन विद्यापीठांना चित्रांचे फोटो पाठवून भागलं. तिसऱ्याला प्रत्यक्ष काम हवं होतं, तेही एका बांधलेल्या वहीत. भिंगरीला जायचं होतं ते तिथेच. तिथे एक बाई रेखाटन शिकवतात, त्यांच्या हाताखाली शिकायचं असं तिने दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी तिने माझ्यापुढे जाड कागदांचा गठ्ठा ठेवला. चाळीस कागद, दोन्ही बाजूंनी काढलेले, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. गेले सात-आठ महिने ती सुट्टीच्या दिवशी आईबरोबर प्रयोगशाळेत जाऊन बसायची आणि काय काढतेस म्हणून विचारलं की झाल्यावर दाखवीन म्हणायची. तेच हे. पार्सल एकच्या आत कुरियरकडे पोचायला हवं होतं आणि तिला दुकानातून सुट्टी नव्हती.

"आजोबा, फक्त शिवून द्या," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "बाकी काही करू नका."

बाकी काही म्हणजे काय, याचा मी विचार केला. मला वाटलं, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, असलं काही. वाचनालयात असताना साध्या अहवालालाही मी जरा नटवत असे, त्यावरून ती मला चिडवायची. तेव्हा मी मनाशी ठरवलं, साधा राखी पुठ्ठा, बस्स. उलगडल्यावर वही सपाट राहावी म्हणून प्रत्येक कागदाला आतून पातळ पट्टी लावली आणि पट्ट्या शिवल्या. हे काम वेळखाऊ असतं. दाभण चांगला चालला. मी मनातून खूश होतो.

शिवून झाल्यावर वही शिकंज्यात धरली तेव्हा दिसलं की कागदांच्या काठांना शाई लागली आहे. अगदी कडेवर, कागदाच्या जाडीवर. इथे एक काळा ठिपका, तिथे दोन. पोरीची बोटं कायम शाईने माखलेली असतात. मी म्हटलं, एवढी चांगली वही, आणि काठ असे मळके? पुस्तक बांधणाऱ्याला काठ छाटणं हे काही वेगळं काम वाटतच नाही. नखं कापून लग्नाला जाण्यातलंच ते. मी वही यंत्रात सरकवली आणि तिन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर काढून टाकले. काठ पांढरेशुभ्र झाले. हात फिरवून पाहिला, रेशमासारखे लागले. बाराला पार्सल कुरियरच्या खिडकीवर होतं.

परत येऊन खोली झाडायला घेतली. यंत्राखाली कागदाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग पडला होता. एक पट्टी केरसुणीला चिकटली, ती काढताना मी सहज चष्मा लावला. पट्टीवर तीन रेघा होत्या. त्या काठापर्यंत येत होत्या, काठावरून वळत होत्या आणि मागच्या बाजूला पुढे जात होत्या. मी दुसरी पट्टी घेतली. तिच्यावरही तसंच. तिसरीवर बोटाचं पेर होतं, अर्धं पुढे आणि अर्धं मागे.

मग मी जमिनीवरच बसलो. वही बांधताना मी चित्रं पाहिली नव्हती असं नाही. एक दिवा दिसला होता, हात दिसले होते, प्लास्टरच्या बत्तिश्या दिसल्या होत्या. पण माझं लक्ष होतं कागदांवर, क्रम बरोबर आहे का, तंतू कुठल्या दिशेने जातात, यावर. आता पट्ट्या हातात घेऊन कळलं की ती चाळीस चित्रं नव्हतीच. आईच्या प्रयोगशाळेतलं ते लांबच लांब टेबल होतं, एकच चित्र, एका पानावरून काठ ओलांडून मागच्या पानावर, तिथून समोरच्या पानावर, असं शेवटपर्यंत न तुटता गेलेलं. काठाला लागलेली शाई ही मळ नव्हती. रेघ तिथूनच वळत होती. आणि चाळीसच्या चाळीस वळणं मी कापून टाकली होती.

मी कुरियरच्या खिडकीवर पुन्हा गेलो. गाडी निघून गेली होती.

त्या संध्याकाळी भिंगरीने विचारलं, पाठवलंत ना नक्की. मी पावती दाखवली. वही कशी झाली, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, सपाट उघडते. हे खोटं नव्हतं. पट्ट्या एका पाकिटात घालून मी शब्दकोशात ठेवल्या होत्या, कारण आमच्या घरात शब्दकोश माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते नीट सांगता येईल असं मला वाटत नाही. घरात वाट पाहणारे तिघं होते, पण दोघी एका गोष्टीची वाट पाहत होत्या आणि मी दोन गोष्टींची. भिंगरी फोन उशाशी, ताटाशी, न्हाणीघराच्या खिडकीत असा सगळीकडे घेऊन फिरायची. तिची आई म्हणायची, इतकं टक लावून बघू नकोस गं, लाजेल तो. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या विद्यापीठाचा नकार आला. भिंगरी तेव्हा केस विंचरत होती. तिने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि उरलेले केसही विंचरले. मग म्हणाली की तिथे मला तसंही फारसं जायचं नव्हतं, मला तिसऱ्याचं काय ते हवंय.

मी रोज सांगायचं ठरवत होतो. माझा हिशोब असा होता की निर्णय यायच्या आधी सांगायला हवं. नकारानंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटेल, होकारानंतर सांगितलं तर ते फुकटात सुटणं होईल. हे इतकं स्पष्ट कळूनही तोंड उघडत नव्हतं. एकदा तर मी सांगण्यासाठी तिच्या दुकानातच गेलो. घरी नाही, तिथे बोलू, चार लोकांत ती रडणार नाही, असा भेकड विचार त्यात होता. ती काउंटरमागे होती, दोन गिऱ्हाइकं पुढे. माझी पाळी आल्यावर तिने दुकानातल्या आवाजात, हसू दाबत विचारलं, कोणत्या खोलीसाठी हवाय. मी म्हणालो, न्हाणीघर. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मी घरी आलो. लेकीने विचारलं, न्हाणीघराला रंग द्यायचं कधी ठरलं. मग मला दोन दिवस खपून न्हाणीघर रंगवावं लागलं. लेक म्हणाली, बाबा, तुमचं काहीतरी बिनसलंय. मी म्हणालो, भिंतीला ओल आली होती.

तिसऱ्याचं उत्तर बुधवारी दुपारी आलं, तिच्या सुट्टीच्या दिवशी. आम्ही दोघंच घरात होतो. तिने फोन माझ्या हातात दिला, कारण तिला वाचवेना. दोन ओळी होत्या. अर्जाबद्दल आभार, आणि या वर्षी आपल्याला प्रवेश देता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं.

ती रडली नाही. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं त्यांना कळेल."

तेव्हा मी सांगितलं. शब्दकोशातून पाकीट आणलं आणि पट्ट्या टेबलावर ओतल्या. काठाला शाई दिसली, मळ वाटला, छाटून टाकलं, असं एका दमात सांगितलं. तिने एक पट्टी उचलून उलटीपालटी केली.

"सगळ्या?"

"सगळ्या. तिन्ही बाजूंनी."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी."

तिने ती पट्टी टेबलावर परत ठेवली. मग तिने पट्ट्या गोळा केल्या, स्वतःच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आई घरी आल्यावर तिला भिंगरीनेच सांगितलं. लेक माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, म्हणून न्हाणीघर.

गुरुवारी सकाळी मी विद्यापीठाला पत्र लिहायला बसलो. सगळं व्यवस्थित लिहिलं. मी कोण, काय केलं, वही मुळात कशी होती, दोष कोणाचा. तीन पानं झाली. माझी विनंती होती की त्यांनी पट्ट्यांसह काम पुन्हा पाहावं. खाली सही केली आणि मला पाच आठवड्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. पट्ट्या मागायला भिंगरीच्या दारावर टकटक केली आणि पत्र तिला वाचायला दिलं.

तिने उभ्यानेच तिन्ही पानं वाचली. मग घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"हे पाठवू नका."

मी म्हणालो की चूक माझी आहे, ती त्यांना कळायला हवी.

"त्यांनी वही बघितली, आजोबा. ऐंशी पानं बघितली. रेघा जुळत नाहीत म्हणून नाही म्हणाले, की मुळातच आवडलं नाही, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. पण नाही म्हणाले ते मला म्हणाले. ते तुम्ही घेऊ नका."

"पण मी कापलं नसतं तर—"

"मी तुमच्यावर रागावलेलीच आहे," ती म्हणाली. "आणखी बरेच दिवस असणार आहे. तो वेगळा विषय आहे."

मी पत्र फाडलं नाही, पाठवलंही नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला तिचं म्हणणं पुरतं कळलं नव्हतं. नंतर कळलं, निदान मला तसं वाटतं. ते पत्र पाठवून मला तिचा प्रवेश मिळवायचा होता तेवढंच नव्हतं. तिला आलेला नकार मला माझ्या नावावर करून घ्यायचा होता. तो माझा झाला असता तर मी त्याचं काहीतरी करू शकलो असतो. तिच्या नकाराचं मी काहीच करू शकत नव्हतो.

तिने बोलणं टाकलं नाही, पण ते कामापुरतंच राहिलं. मीठ द्या, दार लावा, फोन वाजतोय. असे आठ दिवस गेले आणि दुसऱ्या विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं. येताना काही मूळ काम घेऊन या, असंही लिहिलं होतं. पंधरा दिवस हातात होते. तिसऱ्याकडून वही परत यायला महिना लागणार होता आणि आली असती तरी ती आता कशी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भिंगरीने नवीन कागद आणले. दुकान सुटलं की ती आईच्या प्रयोगशाळेत जायची, शेवटची बाई उठेपर्यंत त्या टेबलाशी बसायची. या वेळी तिने सगळं टेबल घेतलं नाही. फक्त आईच्या दोन शेजारणी, त्यांचे हात आणि मधला दिवा. बारा कागद झाले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती ते बारा कागद, सुई आणि दोरा घेऊन मागच्या खोलीत आली. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "टाका कसा घालायचा ते तोंडाने सांगा. हात लावायचा नाही."

मी समोर खुर्चीवर बसलो आणि हात मांड्यांखाली घेतले. भोकं किती अंतरावर, दोरा आतून बाहेर कसा, गाठ कुठे, हे शब्दांत सांगणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षांत मी ते कधी सांगितलं नव्हतं, नुसतं केलं होतं. ती दोन ठिकाणी चुकली. एक चूक मी सांगितली, तिने ती उसवली. दुसरी सांगितली तेव्हा म्हणाली, राहू दे. वही किंचित तिरकी झाली. काठ वरखाली राहिले. मला ते बघवत नव्हतं आणि मी बघत होतो.

मुलाखतीहून ती आली तेव्हा दमलेली होती. तिथे एका माणसाने वही तीनदा उलटसुलट पाहिली, एका बाईने काहीच विचारलं नाही, आणि तिसऱ्याने रंगाच्या दुकानाबद्दलच फार विचारलं, असं तिने आईला सांगितलं. मी दारात उभा राहून ऐकलं. मग पुन्हा वाट पाहणं आलं. या वेळी मी फक्त एकाच गोष्टीची वाट पाहत होतो, तरी ती हलकी वाटली नाही.

आज दुपारी उत्तर आलं. तिघंही घरात होतो. भिंगरीने या वेळी फोन कोणाला दिला नाही, स्वतःच वाचलं. प्रतीक्षा यादीत नाव आहे. क्रमांक चार. कोणी प्रवेश सोडला तर महिन्याअखेर कळवू.

लेकीने हळूच विचारलं की चौथा म्हणजे चांगला की वाईट. भिंगरीने पुन्हा एकदा वाचलं.

"म्हणजे आधीच्या तिघांचं काम बिघडायला हवं," ती म्हणाली. मग पाच आठवड्यांचा आणि पुढच्या सगळ्या दिवसांचा हिशोब एकदम काढल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "त्या तिघांचे आजोबा काय करतात, बघा बरं कोणी ओळखीचं आहे का."

लेक आधी हसली. माझ्याच्याने हसवलं नाही. भिंगरी अजून माझ्याकडेच बघत होती, म्हणून मी म्हणालो की चौकशी करतो.