धोंडीराममामांचा नमुना

मी एक डबी बोलतेय. प्लास्टिकची, पांढरी, लाल झाकणाची. कारखान्यातून निघताना मला वाटायचं, आपल्यात कुणीतरी केशर ठेवेल, नाहीतर अत्तराचा फाया. अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्यात खोकं उघडलं आणि डॉक्टर दानेश्वरी म्हणाल्या, "शौचाच्या नमुन्याच्या डब्या आल्या बरं का!" केशर तिथंच संपलं.

कपाटात पडल्यापडल्या माणसांची एक गंमत कळली. ताप आला की ती गावभर सांगतात. पोट बिघडलं की दाराला आतून कडी लावतात.

एका सकाळी आशाताई झीनत धावत आली. घरोघर फिरून कोण आजारी आहे ते पाहणं हे तिचं काम. "मॅडम, वेशीजवळच्या गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब. बाकीची दारंच उघडत नाहीत. आणि मेडिकलवाला म्हणतोय, जुलाबाच्या गोळ्या संपल्या!"

"एकाच गल्लीत, एकदम? पाण्यातच काहीतरी असणार. नमुने आण," डॉक्टर म्हणाल्या.

मी आणि माझी जुळी बहीण झीनतच्या पिशवीत बसून निघालो. पहिलंच घर धोंडीराममामांचं. पीळदार मिशा, हलगीसारखा आवाज. दुसऱ्या दिवशी त्यांच्या युवराजचा साखरपुडा होता. दारात मांडव, माळशिरसचे पाहुणे येणार, वर सगळ्या गावाला जेवण.

"मामा, तब्येत?"

"ठणठणीत!" मामा पोट दाबत म्हणाले.

"तरी जरा नमुना द्या."

बहिणीला घेऊन ते आत गेले आणि हसत बाहेर आले. बहीण काठोकाठ शेंगाचटणीनं भरलेली! "घरची हाय. मॅडमना म्हणावं, उद्या जेवायला बी या."

मला बहिणीचा असा हेवा कधी वाटला नव्हता.

झीनतनं त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. मामा लालबुंद झाले. "मला काय झालंय?"

आतून रंभामामींचा आवाज आला, "व्हय, काय बी न्हाय! पाटेपासनं टमरेल हातातनं सुटंना की!"

मामांनी मुकाट्यानं मला उचललं. पुढचं मी सांगणार नाही. डबीलाही अब्रू असते.

झीनतनं कळवल्यावर डॉक्टर स्वतः आल्या. "मामा, अहवाल यायला वेळ लागेल. पण उद्या ह्याच पाण्यावर गाव जेवलं, तर माझ्याकडं खाटा पुरायच्या नाहीत."

मामांनी मांडवाकडं बघितलं. ठरलेली सोयरीक मोडली तर? शेवटी त्यांनी फोन लावला. हळू बोलायची तर सवयच नव्हती. "पाव्हणं, उद्या येऊ नका! मला लई जुलाब लागल्यात! न्हाय न्हाय, पोरगा चांगला हाय, बाप बिघडलाय!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. एक कडी निघाली, मग दुसरी. "ताई, आमच्यात बी हाय." "हितं दोन डब्या द्या की!" शेजारची गौरम्मा तर सासऱ्यांना दंडाला धरूनच घेऊन आली.

नळ बंद झाला, टँकर आला. गटारीजवळ फुटलेला पाइप सापडला. मी बर्फाच्या पेटीतून सोलापूरच्या प्रयोगशाळेत आले आणि माझ्या पोटातून कॉलरा निघाला. पण तो त्या गल्लीबाहेर गेला नाही, आणि गल्लीतलंही कुणी दगावलं नाही. नंतर झीनत इथं नमुने द्यायला आली, तेव्हा हसत सांगत होती: पुढं ढकललेला साखरपुडा थाटात झाला. व्याह्यांनी भर मांडवात पहिलं विचारलं, "पाव्हणं, पोट कसं हाय?"

आता मी इथल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे. इथून थेट भट्टी. जाताना एवढंच मागते: पोट बिघडलं तर पहिल्याच दिवशी सांगा, मामांसारखं ओरडून सांगितलंत तरी चालेल.

पिशवीचं तोंड बांधायला माणूस आलाय. नाक धरून आलाय. धरू दे बापडा, मला राग नाही.