बेटावरची काठी

आटपाडीच्या माणसाला पाण्याचं वेड असायचंच, पण नाथाजीचं वेड जगावेगळं. फौजेतली नोकरी संपवून आला आणि बायकोला म्हणाला, "चंद्रे, टँकरमागं लय पळलो. आता ऱ्हायलेलं दिस पाण्यात काढायचं." आणि खरंच, पलटणीतल्या लालासाहेबाची दोन खोल्यांची जागा घेऊन हा बाबा तिला घेऊन गेला तो थेट कोयनेच्या धरणातल्या बेटावर! धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं, टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. त्या माथ्यावर दोनच घरं. एक यांचं, एक सुलाबाईचं. मोबाइलला रेंज नाही. चहूकडं पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ लांबून जाणारी मल्हारची लाँच.

चंद्राबाईनं पहिले काही दिवस तोंड फुगवूनच काढले. सवयीनं घरातले सगळे हंडे भरून ठेवायची, वर फडकी बांधायची. सुलाबाई पोट धरून हसायची, "अगं बाय, दारात समुद्र हाय की!" पण हळूहळू जीव रमला. उभा जन्म नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघण्यात गेलेला. आता तो दिवसभर डोळ्यांसमोर होता, चुलीपुढं बसून चहा मागत होता. आणखी काय पाहिजे होतं बाईला?

काठावर एक उंच बांबू रोवलेला होता, शेंड्यावरून दोरी सोडलेली. चंद्राबाईनं तो पाहिला आणि लगेच डोक्यावर पदर घेतला. तिच्या मुलखात अशी उभी काठी म्हणजे देवाची, तिला हात लावायचा नाही. रोज सकाळी ती त्या बांबूच्या बुडाशी लांबूनच हळदकुंकू वाहू लागली. खरं तर काठी कशासाठी आहे ते सुलाबाईनं नाथाजीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण बायको डोळे मिटून बांबूपुढं उभी राहिली, की ह्याला हसू आवरायचं नाही.

"कुठला द्येव म्हनायचा ह्यो?" तिनं एकदा विचारलं.

"लय जागृत हाय. सांगीन कवातरी," नाथाजी मिशीतल्या मिशीत हसला. भारी थट्टेखोर गडी! आज सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता राहूनच गेलं.

एका सकाळी सुलाबाई मेढ्याला लेकीकडं गेलेली, आणि नाथाजी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडला. तोंड वाकडं झालं, जीभ लुळी पडली, उजवं अंग गेलं. "आवं! आवं, बोला की!" चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नाथाजी डाव्या हातानं वलणीवरची तांबडी चादर दाखवत होता. चादर दाखवायची आणि दाराबाहेर बोट करायचं. तिला वाटलं, थंडी वाजतेय. तिनं चादर आणून अंगावर घातली, चारी बाजूंनी खोचली. त्यानं ती ओढून काढली आणि परत काठीकडं बोट केलं.

"द्येवाला साकडं घालू? व्हय, घालते. आत्ता घालते!" तिनं चादर पुन्हा त्याच्या अंगावर नीट घातली आणि पळत सुटली.

लांबून लाँच चालली होती. चंद्राबाईनं दोन्ही हात हलवले, घसा फाटेस्तोवर ओरडली. पण इथं येताजाता सगळेच एकमेकांना हात करतात. मल्हारनंही रोजच्यासारखा हात केला, भोंगा वाजवला, आणि लाँच डोंगराआड गेली. मग तिनं कुंकवाचा करंडाच काठीच्या बुडाशी रिकामा केला. "माझं मानूस वाचीव रं बाबा!"

ती घरात आली तेव्हा नाथाजीच्या मुठीत चादरीचं टोक होतं. दुपारपर्यंत श्वास चालला. मग थांबला.

संध्याकाळच्या लाँचनं सुलाबाई आली आणि ऊर बडवायला लागली. "अगं, काठीला तांबडं का न्हाई चढीवलंस? तांबडं दिसलं की लाँच असंल तिथनं वळती! म्या सांगितलं व्हतं की नाथाजीला!" चंद्राबाईला रडूसुद्धा आलं नाही.

आटपाडीला दिवस घातले, आणि मग सामान न्यायला ती लेकाबरोबर बेटावर आली. सगळं बांधून झालं. शिवतेजनं चुलीवर चहा ठेवला. "बस आई, लाँच सांच्याला येईल."

चंद्राबाईनं गाठोड्यातनं तांबडी चादर काढली, काठीपाशी गेली आणि पहिल्यांदाच तिला हात लावला. चादर दोरीला बांधून सरसर वर चढवली.

पार पलीकडच्या काठाला लागलेली लाँच तिथनंच वळली. पाणी कापत, भोंगा वाजवत आली. चुलीवरच्या चहाला अजून उकळीही फुटली नव्हती, आणि मल्हार गुडघाभर पाण्यात उडी टाकून धावत वर आला.

"मावशी, काय झालं? कोन आजारी हाय?"

चंद्राबाई बांबूला धरून मटकन खाली बसली. इतक्या दिवसांचं रडं एकदम फुटलं.

"इतक्या बिगी येतोस व्हय रं?" ती म्हणाली. "त्यास्नी ठावं व्हतं रं. आन् म्या चादर त्यांच्याच अंगावर घातली."