नऊ नंबरचा स्नायू

त्या दिवशी कारखान्यातलं काम दहा वाजताच थांबलं. मधल्या लांब टेबलावरची रंगाची भांडी खाली उतरवली गेली, टेबल पुसून त्यावर धुतलेली चादर अंथरली गेली, आणि बावीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्यांच्या माथ्यावरच्या फळ्यांवर आणखी शंभरेक डोकी होती, पण ती प्लास्टरची. अर्धा चेहरा धड, अर्ध्याची कातडी सोललेली, आतले लाल स्नायू उघडे. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसाठी माणसाच्या डोक्याची आणि मानेची मॉडेलं इथे बनायची. आज मात्र इथे चोर सापडायचा होता, त्यामुळे जिवंत डोक्यांना जास्त मान होता.

चोरी डोळ्यांची झाली होती. मॉडेलात बसवायचे काचेचे डोळे, साठ नगांचा एक डबा, परदेशातून मागवलेला. कपाटातून तो नाहीसा झाला आणि मोठी ऑर्डर अडून बसली. मालकांनी दोन दिवस घसा फोडला. सुपरवायझरने सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून झाडल्या. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरनेच महाराजांचं नाव काढलं, आणि चौथ्या दिवशी महाराज हजर झाले.

जटा नाहीत, भस्म नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात एक छोटी डबी आणि एक थैली. डबीत मोहरी, थैलीत लाकडी मणी.

"घाबरू नका," महाराज म्हणाले. "मी स्वतः अंधश्रद्धेच्या विरोधात आहे. हे निव्वळ शास्त्र आहे. जीभ खोटं बोलते, डोळे खोटं बोलतात. कानशिलाला मात्र अजून कोणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही. मनात पाप असलं की ते कानशिलात येऊन धडका देतं. मोहरी ते टिपते. मी फक्त बघत उभा असतो."

फक्त बघत उभं राहण्याबद्दल ते काय घेतात, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

रीत सोपी होती. एकेकाने स्टुलावर बसायचं, वाकून डोकं टेबलावर आडवं टेकायचं, महाराज देतील तो मणी तोंडात धरायचा. महाराज वर आलेल्या कानशिलावर मोहरीचे तीन दाणे ठेवायचे आणि एक ते एकवीस आकडे मोठ्याने म्हणायचे. दाणे जागेवर राहिले तर माणूस निर्दोष. पहिला साचेवाला गेला. दाणे हलले नाहीत. मग पॅकिंगवाली मावशी गेली, तिचेही हलले नाहीत. प्रत्येक सुटकेला भिंतीकडून एक सुस्कारा यायचा.

नववा नंबर नंबरकाकांचा होता. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठेच राहिलं नव्हतं. रंगवून वाळलेल्या डोक्यांवर बारीक ब्रशने स्नायूंचे नंबर घालायचे, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. स्नायूंची लांबलचक परदेशी नावं त्यांना कधी उच्चारता आली नाहीत, पण नंबर झोपेत विचारले तरी सांगतील. कपाळाचा एक, डोळ्याभोवतीचा दोन, ओठांभोवतीचा चार, गालावरचा चावायचा आठ, कानशिलावरचा नऊ, कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा चौदा. ते आडवे झाले, मणी ओठांत धरला, डोळे मिटले. एकवीस आकडे संपले आणि महाराजांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. काकांना इतकं हलकं वाटलं की त्याची पुढे त्यांना लाज वाटली.

सगळ्यांत शेवटी त्यांची लेक होती. आठ महिन्यांपूर्वी काकांनीच तिला इथे चिकटवलं होतं. पॉलिशपेपरने डोकी घासून गुळगुळीत करायचं तिचं काम. घासताना उडणारी भुकटी छातीत जाते म्हणून तिने मागच्या महिन्यात सगळ्यांसाठी मास्क मागणारा अर्ज लिहिला आणि त्यावर चौदा जणांच्या सह्या घेतल्या. तेव्हापासून सुपरवायझर तिच्याशी तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलत होता.

ती आडवी झाली. महाराजांनी थैलीतून मणी काढला.

"दाढेखाली धर, बाळ. घट्ट. निसटला तर कबुली समजू."

दाणे ठेवले गेले. एक, दोन, तीन. चाराला पहिला दाणा थरथरला आणि घरंगळला. सहाला दुसरा. अकरापर्यंत तिसराही चादरीवर होता. कोणी सुस्कारा सोडला नाही. लेकीचा चेहरा काकांच्या बाजूला होता, डोळे उघडे होते, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. त्या क्षणी काकांच्या मनात काय आलं, ते सांगायची वेळ पुढे येईल.

"मी घेतला नाही डबा," ती उठून म्हणाली.

"मग मोहरी का पडली?" सुपरवायझरने विचारलं.

ती चादरीवरच्या दाण्यांकडे बघत राहिली.

"साहेब, पोर तशी नाही," काका म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"बाप दुसरं काय म्हणणार," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पोलिसांत देत नाही, म्हणाले, फक्त उद्यापासून येऊ नकोस. ती पिशवी घेऊन गेली. काका टेबलाशी परत बसले आणि त्यांनी दिवसभरात सतरा डोक्यांवर नंबर घातले, कारण ऑर्डर अडली होती आणि कारण त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. एका घरातल्या दोन नोकऱ्या एकाच दिवशी घालवायची त्यांची हिंमत नव्हती. हे त्यांनी घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

गावभर बातमी व्हायला दोन दिवस पुरले. दुकानदार सुटे पैसे देताना लेकीच्या कानशिलाकडे बघायचा. शेजारीण बोलता बोलता तिथेच बघायची, मग पटकन नजर हलवायची. दोन ठिकाणी तिने कामासाठी विचारलं. दोन्हीकडे माणसं गोड बोलली आणि दोन्हीकडे नजर तिथेच गेली. तिने केस पुढे ओढून कानशिलं झाकायला सुरुवात केली. झोपेत दात खायची तिची लहानपणची सवय होती, ती आता दिवसाही दिसू लागली. काकांना ते बघवत नव्हतं, आणि काय करावं तेही कळत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी काका शेंगदाणे चघळत एका डोक्यावर नंबर घालत होते. सात, आठ. नऊ घालायला त्यांनी ब्रश टेकवला आणि डोळ्यांसमोरचं डोकं हललं. त्यांनी चष्मा नीट केला. पुन्हा घास चावला, पुन्हा चष्मा किंचित वर-खाली झाला. चष्मा त्यांच्या नाकावर सोळा वर्षं होता आणि सोळा वर्षं चावताना हलत होता. आज पहिल्यांदा त्यांनी काडीच्या वर बोट लावून पाहिलं. कातडीखाली काहीतरी फुगत होतं, बसत होतं. समोरच्या प्लास्टरवर त्याच जागी ओला नऊ होता.

दुसरा ब्रश ओठांत धरून ठेवायची त्यांची सवय होती. त्यांनी ओठ घट्ट आवळले. कानशील हललं नाही. मग तोच ब्रश त्यांनी दाढेखाली सरकवला आणि दाबला. बोटाखाली स्नायू टणकन वर आला. 'दाढेखाली धर, बाळ.' महाराजांचा तो मऊ आवाज त्यांना आता आठवला, आणि त्यांनी दाढेखालचा ब्रश काढून बाजूला ठेवला.

ते उठून साचेवाल्याकडे गेले. "तू मणी कुठे धरला होतास?"

"ओठांत. तसंच सांगितलं होतं की."

पॅकिंगवाल्या मावशीने ओठांत. रंगाऱ्याने ओठांत. काकांनी सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी ओठांतच धरला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मालकांना हात जोडून बोलावलं. घरून मोहरी आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातला एक मणी आणला होता. "सुपरवायझरसाहेब, दोन मिनिटं आडवे व्हा," ते म्हणाले. सगळे बघत होते, त्यामुळे सुपरवायझरला नाही म्हणता आलं नाही. मणी ओठांत. एकवीस आकडे. दाणे जागच्या जागी.

"आता दाढेखाली धरा. घट्ट. निसटला तर डबा तुम्ही नेला."

पाचाच्या आत तिन्ही दाणे टेबलावर होते. साचेवाला आधी हसला, मग सगळेच हसले. काकांनी फळीवरचं डोकं उतरवलं.

"हा नऊ नंबर. कानशिलावर पंख्यासारखा पसरतो, गालाच्या हाडाखालून आत जातो आणि खालच्या जबड्याला धरतो. दाढा आवळल्या की हा फुगतो. राजाचा फुगतो, चोराचा फुगतो, माझा शेंगदाण्याने फुगतो. ओठ आवळायचं काम चार नंबरचं, त्याचा कानशिलाशी संबंध नाही. महाराजांनी एकवीस जणांना चार नंबर वापरायला लावला आणि एकीला नऊ. बावीस वर्षं आपण हा रंगवतोय. स्वतःच्या कानशिलाला बोट लावून कोणीही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही."

सगळी माणसं दात आवळून स्वतःची कानशिलं चाचपू लागली. मालकसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं, आणि काकांना वाटलं, झालं. जिंकलो.

अशा गोष्टीत इथे महाराजांनी मागच्या दाराने पळ काढायचा असतो, डबा कुठल्यातरी खोक्यात सापडायचा असतो आणि लेकीला सन्मानाने परत बोलवायचं असतं. मलाही तसं सांगायला आवडलं असतं.

सुपरवायझरने टेबलावरची मोहरी झटकली. "मान्य. स्नायू हलतो. मग डबा कोणी नेला?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही."

"नाही."

"महाराजांकडे होतं."

मग पॅकिंगवाली मावशी, जी लेकीला स्वतःच्या डब्यातलं खायला द्यायची, ती हळूच म्हणाली, "पण काका, दाढेखाली त्यांनी तिलाच का बरं धरायला लावलं? त्यांना आतून कळलं असणार काहीतरी."

"आतून नाही, बाहेरून," काका म्हणाले. "कोणीतरी सांगितलं असणार." ते सुपरवायझरकडे बघत होते. सुपरवायझर घड्याळाकडे बघत होता.

"बघू," मालक म्हणाले. "आधी ऑर्डर जाऊ दे." त्यांच्या तोंडचं बघू म्हणजे काय, ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं कामाला लागली. दोघं-तिघं अजून गंमत म्हणून कानशील फुगवत होते.

डबा आजपर्यंत सापडलेला नाही. महाराजांना पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गोदामाचं बोलावणं आलं. भामटा उघडा पडला तरी त्याने भरलेली जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा माणसाला सोसत नाही. तिथे कोणीतरी बसलेलं हवं असतं, मग भले ते आपल्या डब्यातलं खाल्लेलं पोर का असेना. म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर आधी स्वतःच्या अंगाला बोट लावून बघा. आणि उत्तर मिळालं नाही तर माहीत नाही म्हणायला शिका. ते म्हटल्याने कोणाची नोकरी जात नाही.

संध्याकाळी काका घरी आले ते मणी हातात घेऊनच. लेक खिडकीशी बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, चार नंबर, नऊ नंबर, सुपरवायझरची मोहरी. तिने केस मागे सारले आणि आपल्या कानशिलाला बोट लावलं. दात आवळले, सोडले, पुन्हा आवळले.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच. माझंही बघ." ते वाकले. तिने त्यांच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली, त्यांनी दाढा आवळून दाखवल्या, आणि कितीतरी दिवसांनी ती थोडी हसली. आई दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

लेकीने बोटं काढली नाहीत. "बाबा, मोहरी पडली तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला वाटलं होतं का, मी घेतला म्हणून?"

तिच्या बोटांखाली काकांचा नऊ नंबर टणक झाला. दोघांनाही तो कळला.

"दात सोडा, बाबा," ती म्हणाली. "मी कानशिलावरून ठरवणार नाही. तुम्ही तोंडाने सांगा."

त्यांना जबडा सोडायला वेळ लागला.

"वाटलं होतं," ते म्हणाले. "एक क्षण."

तिने हात काढून घेतला. "मग हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मोहरीचं उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं."

काकांनी मान हलवली. मणी अजून त्यांच्या मुठीत होता, आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.