सासूबाईंचा आवाज

आमच्या ह्यांना इंजिनांचं वेड आहे, आणि ते साधंसुधं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी माणूस बायकोला बागेत नेतो. ह्यांनी मला वीटभट्टीमागच्या रेल्वेच्या वळणावर नेलं. माझ्या नव्या चपला चिखलात. तिथे एक बाकडं, भोवती पाचसात माणसं, आणि सगळ्यांचं लक्ष वळणाकडे, कारण जुनं डिझेल इंजिन येणार होतं. मी मनात म्हटलं, पदरी पडलं आणि पवित्र झालं.

ते इंजिन लांबूनच कुरकुरत आलं. समोरून जाताना कुरकुरलं आणि पार दिसेनासं झालं तरी त्याची कुरकुर संपेना. "अगदी सासूबाई!" मी बोलून गेले. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी पाहते तर सगळी मंडळी त्या इंजिनाला सासूबाईच म्हणत होती, आणि नाव पसरवणारे हेच. घरी खऱ्या सासूबाईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ती निदान वेळेवर येते. तू आधी कुकर लाव."

बाकीच्या इंजिनांना मंडळींनी आधीच नावं ठेवली होती. धपधप पावलं टाकत आल्यासारखा येणारा पैलवान. चढावर धाप लागणारी दमेकरी. आणि एक नकटी, कारण तिचं तोंड चपटं, शिवाय दर खेपेला वाटेत काहीतरी बिघडायचंच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशातली गत.

वळणावर एक रिवाज होता, पुकार म्हणायचे त्याला. एकाने रुळांकडे पाठ करून बाकड्यावर बसायचं आणि इंजिन वळणाआडून बाहेर पडायच्या आत नुसत्या आवाजावरून त्याचं नाव पुकारायचं. चुकला की उठायचं, दुसऱ्याने बसायचं. आमचे हे एकदा बसले ते उठलेच नाहीत. धंद्याने शिंपी, त्यामुळे तिथेही सगळे मास्तरच म्हणत, पण तिथल्या 'मास्तर'ला वेगळं वजन होतं. गल्लीतलं गिऱ्हाईक ह्यांच्याशी बाहीच्या लांबीवरून हुज्जत घालतं. वळणावर ह्यांचा शब्द शेवटचा.

ह्यांना ऐकू येईनासं झाल्याचं आधी मला कळलं. मशीनवर बसले होते, बॉबिनमधला दोरा संपला. दोरा संपला की मशीनचा आवाज बदलतो, आणि तो बदल ह्यांना झोपेतही कळला असता. पण त्या दिवशी हे बाहीची अख्खी शिवण बिनदोऱ्याची मारत गेले. मी दारातून बघत होते.

कानाशी जाऊन बोललं तर कळायचं, लांबचं काही नाही. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावून हे एकदा वळणावर गेले आणि परत येऊन यंत्र कपाटात टाकलं. "डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाजतं सगळं," म्हणाले. "पैलवान कुठला आणि दमेकरी कुठली!" मग म्हणाले, "बाकड्यावरून उठलो की मी नुसता शिंपी गं."

मला राग आला. इतकी वर्षं ह्या इंजिनांपायी माझे रविवार गेले, आणि आता ती ह्यांनाच सोडून चालली? "मला शिकवा," मी म्हटलं. "मी ऐकेन, तुम्ही पुकारा."

मग दुकान बंद करून आमची शाळा भरायची. मशीनवर संथ पाय मारून हे पैलवान दाखवायचे, अडखळत मारून दमेकरी. सासूबाईंचा आवाज मात्र मशीनवर निघेना, म्हणून हे तोंडाने काढायचे. शेजारीण एकदा दारात येऊन विचारून गेली, "कुणाचं पोट दुखतंय का?" ह्यांच्या हातावर करायच्या खुणा मी ठरवल्या. पैलवानाला मूठ आवळायची, दमेकरीला बोट ओढायचं, नकटीला तळव्यावर टिचकी. सासूबाईंना चिमटा. असे कित्येक रविवार आम्ही वळणावर निभावले.

जुन्या इंजिनांचे दिवस भरत आले होते. रुळांवर विजेच्या तारा आल्या होत्या. सगळी जुनी डिझेल एकाच दिवशी शेवटची धावणार असं कळलं आणि सगळे वळणावर जमले. पोस्टमन गळ्यात कॅमेरा घालून आला, हॉस्पिटलातली सिस्टर रात्रपाळी करून तशीच आली. हे बाकड्यावर, मी शेजारी, ह्यांचा हात माझ्या हातात. ह्या वयात ह्यांना काय सुचतंय, असं कुणी म्हणालं असेल तर म्हणो.

पैलवान आला, मी मूठ आवळली, हे गरजले, "पैलवान!" टाळ्या पडल्या. दमेकरीही ओळखली. ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मला वाटलं, जिंकलं!

मग वळणाआडून तो आवाज आला. तीच कुरकुर. बरेच महिने दिसली नव्हती, म्हणून मला इतका आनंद झाला की चिमटा जरा जोरातच बसला.

"सासूबाई!" हे ओरडले. मागून सिस्टरही म्हणाली, "सासूबाईच!"

आणि वळणातून बाहेर आली नकटी.

मग पोस्टमन मोठ्याने म्हणाला, "बरोबर! मास्तर, बरोबर!" आणि बाकीचेही लगेच टाळ्या वाजवू लागले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या सगळ्यांना माहीत होतं. चिमटे, टिचक्या, सगळं.

पण प्रत्येक इंजिन गेलं की मागे वळून त्याला हात करायची ह्यांची सवय. हे वळले आणि नकटीला जाताना पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे पाहिले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा इकडे पाऊल टाकणार नाही.

हे माझ्याकडे वळले आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारलं, "अगं, तू काय ऐकलंस?"

मी ह्यांचा हात सोडून दिला.

"सांग ना! टिचकीऐवजी चिमटा का काढलास?"

लाज, मान, लपवाछपवी, कशाचं भान नव्हतं ह्यांना. फक्त ते जाणून घ्यायचं होतं. मी कानाशी गेले. "सासूबाईच ऐकली हो. शपथ."

"कुरकुर आधी की चढ लागल्यावर?"

"आधीपासून. आणि अजून येतेय बघा."

हे बाकड्याला धरून उभे राहिले. "म्हणजे तिचा टर्बो काढून हिला बसवलाय," म्हणाले. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. आवाज त्याचाच असतो, एवढं मी शिकले होते. "सासूबाई तोडली रेल्वेवाल्यांनी. भंगारात गेली ती."

सिस्टरने डोळे पुसले. पोस्टमन पुढे येऊन ह्यांच्या कानाशी म्हणाला, "मास्तर, तुमच्या कानांचं आम्हाला कधीचं ठाऊक आहे."

"मग उठवलं का नाहीत?"

"तुम्हाला उठवायचं कुणी?"

हे हसले. मग बाकड्यापासून बाजूला झाले आणि म्हणाले, "चुकला की उठायचं. आता ही बसेल."

"मीच तर चुकले!" मी म्हटलं.

"तू आवाज बरोबर ओळखलास. तोंड त्यांनी बदललं."

बसले मग. रुळांकडे पाठ करून, नव्या नवरीसारखी अवघडून. दुपारी नकटी परतीला निघाली ती मीच पुकारली. नाव कोणतं घ्यावं कळेना, म्हणून दोन्ही घेतली. कुणी हरकत घेतली नाही. हे माझ्याजवळ वाकून उभे होते, कान माझ्या तोंडाशी.

"कुरकुरतेय?"

"कुरकुरतेय."

"आता?"

"आता पुलावर असेल. तरी कुरकुरतेय."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. इतका लाडका वाटला मला हा माणूस. आवाज बारीक होत होत गेला आणि मग वीटभट्टीवर कुणीतरी विटा रचत होतं, तेवढंच ऐकू येऊ लागलं.

"अजून?" ह्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हटलं.