झेंडा नसलेलं शिखर

आमच्या कारखान्यात डोंगर तयार होतात. मावशी नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघून पुठ्ठे कापते आणि थरावर थर रचते, मी त्यावर प्लास्टर चढवते. मग मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ज्या शिखरावर माणूस पोचलाय तिथे गिरमिटाने बारीक भोक पाडून लाल झेंडा खोचतात. त्यामुळे ते स्वतःला मोठे गिर्यारोहक समजतात. कारखान्याचा जिना चढताना मात्र त्यांना धाप लागते.

संग्रहालयासाठी केलेली ही डोंगररांग मावशीची शेवटची. हात थरथरायला लागल्यापासून तिने एकेक काम माझ्याकडे सोपवलं होतं, कुरकुरत का होईना. एक सोडून. रांगेच्या मधोमध उभं असलेलं ते शिखर. अजून कोणीही न चढलेल्या शिखरांत सगळ्यात उंच. पायथ्याची माणसं त्याला पवित्र मानतात, म्हणून तिथे चढाईला बंदी आहे. ते मावशी दर वेळी स्वतःच करायची, आणि टोक सगळ्यात शेवटी. टोकाला बोट लावत नसे. ब्रशवरून ओलं प्लास्टर सोडायची आणि ते बसेल तसं बसू द्यायची.

"तिथे कोणाचा पाय लागला नाही, मग माझं बोट कशाला?" ती म्हणायची.

हे वेड आहे असं मी तिला तोंडावर सांगितलंय. पण खरं सांगते, बाकीची शिखरं आम्ही केलेली दिसतात, हे एकच आपोआप उगवल्यासारखं दिसतं. त्याच्याकडे बघताना मला अजूनही भरून येतं.

या वेळी थरथरत्या हाताने तिने ते टोक कितीदा तरी खरवडून पुन्हा केलं. शेवटी काल जमलं, तेव्हा कुठे ती जेवली. आज दुपारी गाडी येणार होती. सकाळी मी आत शिरले, तर मावशी स्टुलावर बसलेली आणि काका भिंतीकडे तोंड करून उभे. शिखराच्या बरोबर डोक्यात भोक!

"सवयीने गं," काका म्हणाले. "ओळीने पाडत गेलो."

"वा! पहिली चढाई तुमच्या नावावर. हार आणू का?" मी भडकले.

"खोचू की एक झेंडा. दुरून डोंगर साजरे, कोण एवढं बघतंय?"

"साजरे दिसतात म्हणूनच दुरून बघायचे असतात," मावशी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे काका जास्तच घाबरले.

तिने माझ्याकडून प्लास्टर कालवून घेतलं, ब्रश उचलला. टोकापर्यंत जाण्याआधीच प्लास्टर टेबलावर सांडलं. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग माझ्याकडे न बघता तिने ब्रश माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. इतका वेळ काकांवर तोंडसुख घेणं सोपं होतं.

"आधी भोक ओलं कर. कोरडं प्लास्टर पाणी ओढून घेतं, मग तडा जातो."

मी केलं.

"आता वरून सोड."

थेंब पडला. भोक बुजलं, पण थेंब डावीकडे कलायला लागला. तो सावरायला माझं बोट पुढे गेलं.

"हात मागे!"

तिघंही बघत राहिलो. थेंब कलता कलता थांबला आणि त्याला वर एक नाजूक धार आली. आमच्यापैकी कोणालाच तशी सुचली नसती.

"खरं टोक असंच असेल?" मी विचारलं.

"कोणाला माहीत!" मावशीचा चेहरा फुलला. "अगं, जगात कोणालाच माहीत नाही."

दुपारी गाडी आली, डोंगर गेले. उरलेला झेंडा काकांनी गुपचूप खिशात घातला. मी ब्रश धुतला आणि मावशीच्या डब्यात ठेवायला गेले.

"तिथे नको," ती म्हणाली. "तुझ्या डब्यात ठेव. आणि पुढच्या वेळी पाणी जरा कमी घाल."