हलका हात नको

थोरलीला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. उद्या आठ वाजता वेल्डिंग शॉपमधली तिची पहिली पाळी! मुखवटा चढवला की काळ्या काचेआड सगळं जग नाहीसं होतं आणि एकच उजेड उरतो, हे तिने चाचणीच्या दिवशी पाहून ठेवलं होतं. इतकं निवांत तिला घरातही कधी वाटलं नव्हतं.

अडचण केसांची होती. कमरेपर्यंतचे केस, अंबाडा घातला की मुखवटा डोक्यात बसेना. फोरमनने बजावलं होतं, “एक बट बाहेर दिसली तरी घरी पाठवीन.” आणि गेल्या अकरा वर्षांत तीन पार्लरांतून थोरली अर्ध्यावर उठून पळाली होती.

हे चौथं. तिने फोनवर सगळं आधीच ठरवलं होतं: दुकान उघडायच्या तासभर आधी, रेडिओ बंद, ड्रायर बंद, वासाचं काही नको. पार्लरवाल्या काकूंनी सगळं पाळलं.

“हलक्या हाताने करा हो,” आई म्हणाली. “पोर फार नाजूक आहे माझी.”

काकूंनी बोटांच्या टोकांनी मानेवरची वेणी अलगद उचलली. थोरलीच्या मानेपासून टाचेपर्यंत मुंग्या सळसळल्या. अंगावरच्या कापडासकट ती थेट दारात.

“झालं! पुन्हा तेच,” आईने कपाळावर हात मारला. “काकू, अजून हलकं जमेल का?”

कडी थोरलीच्या हातात होती. बाहेर पाऊल टाकलं की उद्याची पाळी गेली. तेवढ्यात तिला चाचणीतला चामडी एप्रन आठवला. जाडजूड, छातीवर दाबून बसलेला. त्याने अंग कसं ठिकाणावर आलं होतं!

“हलकं नको!” ती ओरडलीच. “डोकं पक्कं दाबून धरा आणि कापा.”

“दुखेल गं,” आई म्हणाली.

“हलकंच दुखतं!”

काकूंनी बाह्या वर सारल्या. “मग आधी सांगायचंस की! माझा हात मुळातच जड. गिऱ्हाइकं त्यावरूनच तर बोलतात मला.”

थोरली परत खुर्चीत बसली. काकूंचा रुंद पंजा डोक्यावर घट्ट बसला. कात्री चार वेळा वाजली आणि खांद्यावरून पुढे घेतलेली अख्खी वेणी थोरलीच्या मांडीवर पडली.

“म्हणजे अकरा वर्षं मी उलटंच सांगत आले?” आई पुटपुटली.

“हो,” थोरली म्हणाली आणि पिशवीतला मुखवटा काढून डोक्यावर चढवला. खटकन बसला. “आई, बसला! बघ, बसला!”

आईने तिच्या पाठीवर अलगद हात टेकवला, दचकून थांबली आणि मग तळवा दाबला. “असा?”

मुखवट्याआडून आवाज आला, “आणखी जोरात!”