एक डाव भात

मी एक जुना डाव आहे. वाढायचा. लांब दांडा, खोल वाटी, सांध्यावर तीन रिव्हेट. मित्रांनो, माझं आयुष्य मला सलग सांगता येत नाही. सांगायला लागलो की मध्येच एक वाक्य आडवं येतं: यात माझा काही दोष नव्हता. ते खरं आहे. तरी दर वेळी मी ते खोडतो आणि पुन्हा सुरुवात करतो.

जन्म.

पत्र्याची गोल चकती, वरून यंत्राचा एक दणका, आणि मला पोट आलं. शेजारच्या यंत्रावर घरगुती डाव निघत होते, तळहाताएवढे. मी मोठ्या खानावळींसाठीचा. आम्हाला वेगवेगळ्या खोक्यांत भरलं. नाव मात्र दोघांचंही एकच.

काम.

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी अठरा वर्षं भात वाढला. दिवसभर लोखंडी सळ्या उचलणारी माणसं रांगेत उभी राहायची. तिथली स्वयंपाकीण, जिला सगळे मावशी म्हणायचे, मला भातात खुपसायची, पातेल्याच्या काठावर घासून सपाट करायची आणि ताटात उलटा करायची. एका माणसाला एक डाव. ताटात घुमट उभा राहायचा.

कौतुक.

"मावशी, हा डाव आहे की घमेलं?" एकाने विचारलं होतं.

"घमेल्याने वाढलं तरी तू परत रांगेत दिसशील," मावशी म्हणाली, आणि रांग हसली.

एवढंच. पण मला ते पुरलं.

आत्मवृत्तात यानंतर सांगणाऱ्याची दुर्दशा येते. माझी आली नाही. दुसऱ्याची आली.

कॅन्टीन बंद झालं. बाहेरून तयार जेवणाचे डबे येऊ लागले. भांडी ज्याला हवी त्याने न्यावी असं ठरलं, आणि मावशीने मला उचललं. घरी आल्याआल्या तिने आपला मोडक्या दांड्याचा डाव टाकून दिला. "आता एवढा एक बास," म्हणाली. तिचा हात माझ्या वजनाला सरावलेला होता. त्या दिवसापासून त्या घरात डाव म्हणजे मी. भातही मीच वाढायचो, भाजीही मीच.

घरात ती आणि तिचा नवरा. तो त्याच कारखान्यात टर्नर. लेथवर लोखंड कातायचा. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. ड्रॉइंगवर माप लिहिलेलं नसेल तर तो काम परत पाठवायचा, साहेब कितीही चिडले तरी.

तो जाड होता. वजन उतरवायचे सगळे प्रकार त्याने केले होते. एकदा सात दिवस नुसती फळं. एकदा महिनाभर भात बंद. एकदा कोमट पाणी आणि काकडी. दर वेळी पाच-सहा किलो उतरायचे. मग एका संध्याकाळी तो पातेल्यापुढे बसायचा, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं, वर दोन किलो.

शेवटी कारखान्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गुडघे वजन पेलत नाहीत, साखर वाढली आहे. तीन महिन्यांत आठ किलो उतरले नाहीत तर उभ्याचं काम बंद. म्हणजे लेथ बंद. तीस वर्षं तो त्या एका लेथपुढे उभा होता.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाई होत्या. बाई शहाण्या होत्या. उपाशी राहायचं नाही, काहीही सोडायचं नाही, फक्त बेताने खायचं, असं त्यांनी त्याला समजावलं आणि कागदावर लिहून दिलं: साखरेची गोळी घेऊन दोन्ही वेळा जेवण. भात एक डाव, भाजी एक डाव. पुन्हा वाढून घेऊ नये.

मावशीने कागद भिंतीला चिकटवला आणि मला हातात घेतलं. अक्षर न अक्षर पाळलं.

मित्रांनो, डाव केवढा, ते त्या कागदावर नव्हतं. हा एक कागद टर्नरने परत पाठवला नाही.

पहिला आठवडा. एकशे चार किलो.

दुसरा. एकशे तीन. मावशीने शेजारणीला सांगितलं.

तिसरा. एकशे तीन.

पाचवा. एकशे तीन.

"अहो, बाहेर काही खाता का?"

"नाही गं."

"मग उतरत का नाही? हवा खाऊन राहतं का वजन?"

"तुझ्या डोळ्यांदेखत जेवतो ना मी?"

"माझ्या डोळ्यांदेखत एक डाव. डोळ्यांआड काय चालतं ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

सहावा. डॉक्टर म्हणाले, कागदावरचं पाळलं तर उतरतंच. तुम्ही पाळत नाही. त्यांनी गोळी वाढवली. मावशीने बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला जाऊन विचारून आली. कारखान्यात ही बातमी कशी पोहोचली कोण जाणे. "काय टर्नर, लेथच्या मागे पातेलं लपवलंय का?" असं विचारून लोक हसले, हे त्याने स्वतःच घरी सांगितलं. सांगताना तोही हसायला गेला, पण जमलं नाही.

सातवा. एकशे तीन.

त्यानंतर त्याने मावशीने माझ्या मापाने भरून दिलेला दुपारचा डबा कुत्र्यांना घालायला सुरुवात केली. संध्याकाळी मी वाढलेल्या भातातले चार घास खायचा आणि पोट भरलं म्हणायचा. गोळ्या मात्र दोन्ही वेळा घ्यायचा.

नववा. नव्व्याण्णव.

"बघा!" मावशी म्हणाली. "मनावर घेतलंत की उतरतं. म्हणजे इतके दिवस..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं.

अकरावा.

अकराव्या आठवड्यात वजन झालं नाही. साखर उतरली, लेथपुढे त्याला घेरी आली आणि तोल सावरायला त्याने उजवा हात पुढे केला. लेथ फिरत होता. तीन बोटं गेली.

पुढचं मला त्यांच्या लेकीच्या तोंडून कळलं. ती दुसऱ्या गावी औषधाच्या दुकानात काम करते. धावत आली, बापाजवळ वॉर्डात राहिली. तिथे जेवण वाढणारा माणूस यायचा, भात एक डाव, भाजी एक डाव. तिने तो डाव पाहिला. तळहाताएवढा. बाप ताट चाटूनपुसून खायचा, नंतर त्याला भूक नसायची, आणि बारा दिवसांत त्याचं दीड किलो उतरलं.

ती घरी आली. येतानाच त्या वाढणाऱ्याचा डाव घरून नेलेल्या पेल्यात पाण्याने मोजून आली होती. अर्धा पेला.

"आई, एक डाव म्हणजे कुठला गं?"

"कुठला म्हणजे? हा." मावशीने मला पुढे केलं. "डाव आणखी किती असतात?"

लेकीने मला काठोकाठ भरलं आणि तसल्याच पेल्यात ओतलं. एक पेला भरला. दुसरा पाऊण भरला.

"साडेतीन," लेक म्हणाली. "एकाच्या जागी साडेतीन, आई. भाताचे आणि भाजीचेही."

मावशीने दोन्ही पेले शेजारीशेजारी ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे ते खरं बोलत होते."

आता त्या घरात छोटा डाव आहे. मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. टर्नर डाव्या हाताने जेवतो. सगळं खातो, एक डाव, पुन्हा वाढून घेत नाही. सात महिन्यांत तो एक्क्याण्णववर आला. लेथपुढे दुसरा माणूस उभा राहतो. हा स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून हत्यारं देतो-घेतो.

रोज संध्याकाळी तो दारात येतो आणि चपला काढायच्या आधी म्हणतो, "बाहेर काही खाल्लं नाही हं."

त्याला कोणी विचारलेलं नसतं. एकदा मावशी म्हणाली, "अहो, आता नका ना असं सांगू." तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत राहिली.

मित्रांनो, उपाशी राहून अंगाशी भांडू नका. ताटात बेताने घ्या, आणि बेत ज्याने ठरवता ते भांडं आधी मोजून घ्या. कोणी म्हणालं, मी खाल्लं नाही, आणि काटा त्याच्याविरुद्ध गेला, तर त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका, कपाटाला कुलूप घालू नका. आधी माप तपासा. मला पाण्याने भरून पेल्यात ओतायला लेकीला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं अकरा आठवडे कोणाला सुचली नाहीत.